दगड आहे, जपून!

संध्याकाळी सव्वासहाला दादरला बोरिवली स्लो पकडायची आणि हातातल्या डब्याला कुणाचं कोपर लागू द्यायचं नाही, हे ज्याला जमेल त्याने खुशाल सर्कशीत नाव घालावं. डब्यात ओकेनाइट होता, पुण्याहून आणलेला.

ओकेनाइट म्हणजे काळ्या दगडाच्या पोकळीत बसलेला कापसाचा गोळा. कापूस कसला, केसांसारखे बारीक स्फटिक! बोट लागलं की तंतू चपटे होतात, ते पुन्हा काही उभे राहत नाहीत. फुंकर मारतानाही जीव मुठीत धरावा लागतो. आणि बघणाऱ्या प्रत्येकाला पहिली इच्छा होते ती नेमकी बोट लावायची.

"काका, डबा वर टाका की!"

"नाजूक आहे हो."

"केक आहे?"

"दगड आहे."

यानंतर मला वांद्र्यापर्यंत प्रशस्त जागा मिळाली. वेड्यांना मुंबईकर अजून वाट देतात.

वास्तविक आपण सगळेच या काळ्या दगडावर राहतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचले, त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपून स्फटिक वाढले. बोर घाटात रेल्वेसाठी बोगदे खणले तेव्हा असे दगड निघाले होते. आमच्या मालाडच्या खाणीतला बोटांसारखा हिरवट प्रेहनाइट तर जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. मालाडमध्ये कुणाला हे सांगितलं तर विचारतात, "कुठल्या बिल्डरने पाडली ती खाण?"

घरात याआधी दोन दुर्घटना झाल्या आहेत. लॉमोंटाइट नावाचा खडा कोरड्या हवेत स्वतःतलं पाणी सोडतो आणि ढासळतो, हे मला माहीत होतं. तरी कौतुकाने एसीच्या खोलीत मांडला. दोन महिन्यांत भुगा! दुसरी वाघोलीच्या कॅव्हन्साइटची. तो इतका निळाशार असतो की शेजारच्या आजींनी मोरचूद समजून कुंडीत टाकायला मागितला. मी नाही म्हटलं तर चार दिवस बोलल्या नाहीत.

म्हणून ओकेनाइटसाठी काचेचं कपाट केलं, कुलूप लावलं, वर चिठ्ठी डकवली: 'हात लावू नये'. सहा महिने सुखाचे गेले. परवा पाहतो तर गोळ्यावर मधोमध एक सपाट डाग, अंगठ्याएवढा! मी सगळ्यांची हजेरी घेतली. ही म्हणाली, "तुझ्या दगडाकडे मी ढुंकून बघत नाही." मुलीने आपला अंगठा डागाशेजारी धरून दाखवला, फारच लहान निघाला. उरल्या कामाला येणाऱ्या मावशी. त्यांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं, कमरेवर हात ठेवले.

"दादा, कुलपाची किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडे."

"आन् रात्री दोन वाजता दिवा लावून तिथं कोण उभं असतं? ताई सांगत होत्या."

मी डागाकडे पाहिलं. उजवा अंगठा होता.