तो पोर्ट उघडायचा सल्ला तेवढा बदला
घरचा कॅमेरा बाहेरून बघायला राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडा, असं तुमच्या लेखात सांगितलंय. कळकळीची विनंती, तेवढा परिच्छेद बदला. २०१६ मध्ये मिराई मालवेअरने इंटरनेटवर असे उघडे असलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते मूळ पासवर्ड तसाच राहिल्यामुळे.

शिवाय पुष्कळ घरांत ते जमणारही नाही. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी दिवसभर ऐरोलीला ऑफिसात, आई घरी एकटी. दोन रविवार पोर्ट उघडत बसले, काही केल्या बाहेरून दिसेना. मग राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता पाहिला, १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटचा, म्हणजे कंपनीचा एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला, त्यामुळे बाहेरची जोडणी आपल्या दारापर्यंत पोचतच नाही.

यावर उपाय टनेल. त्यात उलटं होतं. घरातलं यंत्र स्वतःहून बाहेर जोडणी करतं आणि त्याच वाटेने आपण आत येतो. मी जुन्या रास्पबेरी पायवर, म्हणजे एका छोट्या संगणकावर, टेलस्केल हे टनेलचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यालाच सबनेट राउटर केलं, म्हणजे घरातल्या बाकी यंत्रांपर्यंतची वाट त्याच्यातून जाते. कॅमेऱ्याला हातही लावावा लागला नाही. आता ऐरोली स्टेशनच्या फलाटावरून आईने दार लावलंय का ते दिसतं. टेलस्केलच्या खाली वायरगार्ड ही एन्क्रिप्शनची पद्धत आहे, म्हणजे एन्क्रिप्शन माझ्या फोनपासून थेट घरातल्या त्या यंत्रापर्यंत.

क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल वेबसाइटसाठी चांगलं, पण तिथे एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उलगडतं, आणि समोर लॉगिन लावलं नाही तर पत्ता कळलेला कुणीही आत. आई दिसणारा कॅमेरा मी तिथे ठेवणार नाही.