संगणक मंदावलाय? कारण मात्र शोधू नका!

अभिनंदन! पडद्यावर गरगरणारे ठिपके बघत आणि ‘संगणक बंद करू नका’ ही तंबी निमूट पाळत तुम्ही विंडोज १० वरून ११ वर पोहोचलात. तशी ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ पासून दारात उभी होती. पण १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होईपर्यंत हलायचं नाही, हा तुमचा बाणा. आणि आता ब्राउझर उघडायला इतका वेळ लागतोय, की तो कशाला उघडत होतो हेच आठवत नाही.

घाबरू नका. म्हणजे घाबराच, कारण सगळे उपाय घाबरल्यावरच सुचतात.

पहिला नियम : संगणकाला एक रात्र स्वस्थ बसू देऊ नका. नवीन सिस्टीम म्हणजे नुकतं सामान उतरवलेलं बिऱ्हाड. सर्च इंडेक्स, म्हणजे फायली पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची, नव्याने बांधायचा असतो, प्रिंटर-बिंटर चालवणारे राहिलेले ड्रायव्हर उतरवायचे असतात, अँटिव्हायरसला सगळ्या फायली हुंगून बघायच्या असतात. यातली बरीचशी कामं ती तुम्ही कीबोर्डला हात लावत नसताना उरकते. तेव्हा हात काढूच नका. दर दहा मिनिटांनी रीस्टार्ट करा, म्हणजे बिचारीला अर्ध्यावर सोडलेली खोकी पुन्हा उघडायला लागतील.

तरीही कोणी आगाऊ माणूस ‘टास्क मॅनेजर बघितलास का?’ असं विचारेलच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो, म्हणजे संगणकात काय काय चाललंय ते दाखवणारा तक्ता, उघडतो, म्हणून ही तीन बटणं एकत्र दाबायचं टाळा. चुकून उघडलाच, तर प्रोसेसर ८ टक्के आणि डिस्क १०० टक्के असं काहीतरी दिसेल. इथे डोकं चालवू नका. १०० टक्के म्हणजे डिस्क भरली, असा ठाम समज करून घ्या आणि जुने फोटो उडवायला लागा. तो आकडा डिस्क किती भरली हे सांगत नसून ती किती वेळ कामात गुंतली आहे हे सांगतो, त्या रकान्यावर क्लिक केलं की कोणता प्रोग्राम तिला राबवतोय ते वर येतं, असल्या तपशिलात शिरलात तर पाच मिनिटांत उत्तर सापडेल आणि संध्याकाळ मोकळी पडेल. मग करणार काय?

तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडीचा, म्हणजे तबकडीशिवायच्या वेगवान डिस्कचा, विषयही काढू देऊ नका. रॅम, म्हणजे चालू कामांपुरती स्मृती, ४ जीबी असेल तर ‘कंपनीनेच किमान ४ सांगितलीय’ असं ठणकावून सांगा. किमान रॅममध्ये सिस्टीम उभी राहते; तिच्याबरोबर तुम्हीही त्यात काम कराल, असं कुठे लिहिलंय?

स्टार्टअप ॲप्सची यादी बघू नका. संगणक सुरू होताच वीस प्रोग्राम एकदम जागे होत असतील तर होऊ देत, तेवढीच जाग राहते. उलट भर घाला. ‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ म्हणणारा क्लीनर घ्या, त्याला रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची वही, खरवडू द्या. आधीचा अँटिव्हायरस असतानाच दुसरा चढवा; एकाने उघडलेली फाईल दुसऱ्यानेही तपासली म्हणजे बरं असतं. आणि हे सगळं एकाच बैठकीत करा. एकेक बदल करून मध्ये थांबून बघितलं, तर नेमकं कशाने बिघडलं ते कळण्याचा धोका आहे.

जागा हवीच असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं जाडजूड फोल्डर पहिल्याच रात्री उडवा. जुन्या विंडोजकडे परतीचा रस्ता त्यातूनच जातो, पण जाणार कोण परत?

आता भाच्याला फोन. कधीपासून, काय उघडताना, पडद्यावर काय दिसतं, यातलं काहीही सांगू नका. ‘स्लो झालाय रे’ एवढंच म्हणा आणि त्याने काही विचारलं की ‘तुला कळायला हवं, तू कॉम्प्युटरवाला’ म्हणा.

जुन्या सिस्टीमवर परतायला साधारणतः १० दिवस मिळतात. ते शिव्या घालण्यात काढा. अकराव्या दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टीम, मग रिकव्हरी, मग ‘गो बॅक’ असं शोधत जा. हा पर्याय आता उपलब्ध नाही, असं पडदा सांगेल. तरी चार वेळा क्लिक करून बघा. डबल क्लिकसुद्धा.