खापर पातळपणावर नको: टॅबच्या त्या मेसेजला उत्तर

जून उजाडला की आमच्याकडे एक मेसेज फिरायला लागतो. अकरावी-बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर, क्लासच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: "पातळ, हलके टॅब घेऊ नका. दप्तरात वाकतात. बॅटरी छोटी असते आणि वर्षभरात फुगते. हलका टॅब पडला की काच गेलीच, जड टॅब मार खातो. पातळ टॅबमध्ये धूळ-पाणी शिरतं. जुने जाड टॅब दहा-दहा वर्षं चालायचे. तेव्हा जाड टॅब घ्या, वरून नाइन-एच टेम्पर्ड ग्लास लावा आणि निश्चिंत व्हा."

मी जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल आणि टॅब दुरुस्तीचं काम करतो. एरवी असल्या मेसेजला मी उत्तर देत बसत नाही. या वेळी बसलो, त्याला कारण यावल तालुक्यातले एक काका. केळीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी लेकीला नीटच्या तयारीसाठी चांगल्या कंपनीचा पातळ टॅब घेऊन दिला होता. हा मेसेज वाचून ते घाबरले. तो टॅब भाच्याला निम्म्या किमतीत देऊन टाकला आणि कधी नावही न ऐकलेल्या कंपनीचा जाडजूड टॅब ऑनलाइन मागवला. चार महिन्यांत त्याचा चार्जिंग जॅक हलायला लागला. मी तो उघडला. जॅक मुख्य बोर्डावरच डाग दिलेला, आणि त्या मापाचा जॅक मला बाजारात कुठेच मिळाला नाही. पोरीचे व्हिडिओ लेक्चर ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पडले. एका मेसेजपायी घरातला चांगला टॅब गेला, पैसे दोनदा गेले. म्हणून हे लिहितोय.

"पातळ टॅब दप्तरात वाकतो." यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. एकसंध पत्र्याची जाडी निम्मी केली तर त्याचा ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. हे साधं गणित आहे. २०१८ साली ५.९ मिलिमीटर जाडीचा आयपॅड प्रो आला तेव्हा काहींना तो खोक्यातूनच किंचित वाकलेला मिळाला होता. अॅपलने तेव्हा सांगितलं की कोणत्याही बाजूला ४०० मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे ०.४ मिलिमीटरचा फरक त्यांच्या मापात बसतो. लोकांनी तो हाताने वाकवून मोडल्याचे व्हिडिओही टाकले. पण तो मोडला कुठून ते बघा. बरोबर मधोमध, जिथे एका कडेला माइकचं भोक होतं आणि समोरच्या कडेला टॅबवर लिहायची अॅपलची पेन्सिल चार्ज व्हायची जागा. म्हणजे जिथे चौकट कापून काढली होती तिथूनच.

आता २०२४ चा आयपॅड प्रो घ्या. १३ इंची मॉडेल ५.१ मिलिमीटर, म्हणजे आधीच्याहून पातळ. त्याच्या आत मधोमध धातूची एक बरगडी घातली आहे, आणि वाकवून पाहणाऱ्यांच्या हाती तो जुन्यापेक्षा ताठ निघाला. घराचा स्लॅब नुसत्या जाडीवर उभा राहत नाही, बीम कुठे टाकलाय त्यावर राहतो. टॅबचंही तसंच आहे. जाडी हा एक मुद्दा झाला, चौकट कशी बांधली हा दुसरा. मेसेज पहिला सांगतो आणि दुसरा गाळतो.

माझ्या टेबलावर वाकलेले टॅब येतात ते कसे येतात हेही सांगतो. "दादा, टॅब वाकी गया," म्हणत अमळनेरकडचा एक मुलगा आला होता. दप्तर उघडून दाखव म्हटलं. टॅबच्या पाठीला स्टीलचा डबा, डब्याशेजारी लिटरभर पाण्याची बाटली, आणि हे सगळं घेऊन सकाळच्या एसटीत दाराजवळ उभा. मागून गर्दीचा रेटा आला की डब्याची कड टॅबच्या बरोबर मध्यावर टेकते. असा एका ठिकाणचा दाब जाड टॅबलाही सोसत नाही, फक्त तिथे पाठ वाकण्याऐवजी आतला डिस्प्ले डाग धरतो. माझ्याकडे दोन्ही येतात.

याला उपाय जाड टॅब नाही. परीक्षेला वापरतात ते लिहायचं पॅड प्रत्येक पोराकडे असतं. टॅबचा पडदा त्या पॅडला लावून दोन्ही एकाच कप्प्यात, पाठीच्या बाजूला ठेवा. डबा आणि बाटली पुढच्या कप्प्यात. मी हे गिऱ्हाइकाला करून दाखवतो, कारण नुसतं सांगितलं की कोणी ऐकत नाही.

"पातळ म्हणून बॅटरी छोटी." हे तर साफ चूक आहे. २०१० चा पहिला आयपॅड १३.४ मिलिमीटर जाड होता आणि त्याची बॅटरी २५ वॅट-तासांची होती. २०२४ चा ११ इंची आयपॅड प्रो ५.३ मिलिमीटर जाड आहे, आणि त्यात ३१.२९ वॅट-तासांची बॅटरी आहे. जाडी निम्म्याहून कमी, बॅटरी मोठी. टॅबमधली बॅटरी पापडासारखी पसरवून लावलेली असते, तिला जाडीपेक्षा लांबी-रुंदी लागते.

फुगण्याचं मात्र खरं आहे. बॅटऱ्या फुगतात, आणि आमच्या भागात जास्त फुगतात. पण त्याचं कारण पातळपणा नाही, ऊन आहे. या मेसेजचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे, कारण खऱ्या शत्रूचं नावसुद्धा त्यात नाही.

अॅपल, सॅमसंगसारख्या कंपन्या स्पष्ट लिहितात की टॅब शून्य ते ३५ अंश तापमानात वापरा. आमच्या जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या घरात असणं ही बातमीसुद्धा राहिलेली नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत तर विचारू नका. लिथियम बॅटरीच्या आतलं द्रावण उष्णतेत हळूहळू बिघडतं, त्याचा वायू होतो, आणि बंद पिशवीत तो वायू जाणार कुठे? पिशवीच फुगते. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर हे आणखी वेगाने होतं.

आता आपली पोरं टॅब कसा वापरतात ते आठवा. दुपारी दोन वाजता, पंखा गरम हवा फेकतोय, टॅब चार्जिंगला लावलेला, वर जाड स्टँड-कव्हर, आणि चार तास व्हिडिओ लेक्चर. गावाकडे विजेचा भरवसा नाही म्हणून लाइट आहे तोवर टॅब चार्जरवरून काढायचाच नाही. उष्णता बाहेरची, चार्जिंगची आणि पडद्याची, तिन्ही एकत्र. या त्रासापुढे टॅब पाच मिलिमीटर असो की दहा, बॅटरीला काय फरक पडणार?

पातळ टॅबमध्ये आत रिकामी जागा नसते, म्हणून बॅटरी थोडी फुगली तरी पडद्याची कड उचललेली दिसते. लोकांना वाटतं पातळ म्हणून फुगली. खरं तर पातळ म्हणून लवकर दिसली. जाड प्लास्टिकच्या टॅबमध्ये तीच बॅटरी आतल्या आत फुगत राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. माझ्या मते या दुसऱ्या प्रकारातला धोका जास्त मोठा आहे. पडद्याची कड उचललेली दिसली तर दाबून बसवू नका, चार्जिंग बंद करा आणि दुकानात आणा.

दुपारी चार्जिंग टाळा, सकाळी किंवा रात्री करा. आजकाल बऱ्याच टॅबमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा. चार्जिंगच्या वेळी कव्हर काढा. चार्जर कंपनीचा, नाहीतर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि नोंदणी क्रमांक छापलेला. रस्त्यावरचा शंभर रुपयांचा चार्जर तीस हजारांच्या टॅबला लावणारी माणसं मी रोज बघतो, आणि दर वेळी जीव तुटतो.

"हलका टॅब पडला की काच गेलीच, जड टॅब मार खातो." उलटं आहे. एकाच उंचीवरून पडताना बसणारा मार वजनाच्या हिशेबात असतो. पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा, आजचा ११ इंची प्रो ४४४ ग्रॅमचा. टेबलावरून दोन्ही पडले तर हलक्याला साधारण दोन-तृतीयांशच मार बसतो. मी असं म्हणत नाही की तो फुटणार नाही. कोपऱ्यावर पडला तर दोन्ही फुटतील. पण जड असणं हे संरक्षण नाही, जड असणं हेच पडतानाचं ओझं आहे.

इथे पातळ टॅबची एक खरी अडचण आहे, जी मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावी. बहुतेक पातळ टॅबमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले चिकटवून एकजीव केलेले असतात. त्यामुळे चित्र काचेला लागून दिसतं, लिहायला बरं वाटतं, पण काच तडकली की अख्खा फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, बदलावा लागतो. साध्या, स्वस्त टॅबमध्ये काच आणि डिस्प्ले वेगळे असतात, तिथे नुसती काच बदलून काम भागतं. दोन्हींच्या खर्चात मोठी तफावत आहे. घरात लहान भावंडं टॅब ओढत असतील तर वेगळ्या काचेचा टॅब घेणं मी स्वतः सुचवतो. पण तो सल्ला दुरुस्तीच्या खर्चासाठी असतो, जाडीचा त्याच्याशी संबंध नाही.

"पातळ टॅबमध्ये धूळ-पाणी शिरतं." सॅमसंगचे दोन टॅब शेजारी ठेवा. २०२२ चा टॅब एस ८ अल्ट्रा आणि २०२३ चा टॅब एस ९ अल्ट्रा. दोघांची जाडी तीच, ५.५ मिलिमीटर. पहिल्याला पाणी-धुळीचं मानांकन नाही, दुसऱ्याला आयपी ६८ आहे. त्यातला ६ हा आकडा धूळ आत जात नाही असं सांगतो, ८ पाण्याबद्दल बोलतो. जाडी बदलली नाही, आतलं सीलिंग बदललं. उलट जाड टॅबच्या मोठ्या सांध्यांतून कपाशीच्या शेतातली काळी माती निघालेली मी ब्रशने झाडून काढली आहे. एक लक्षात ठेवा, आयपी ६८ वाला टॅब एकदा उघडला आणि सील नीट बसवलं नाही तर ते मानांकन कागदावरच राहतं. कारागिराला आधी विचारा.

"जुने जाड टॅब दहा वर्षं चालायचे." त्या पहिल्या आयपॅडला शेवटचं सॉफ्टवेअर अपडेट २०१२ साली मिळालं, आयओएस ५.१.१. त्यानंतर एकेक अॅप बंद होत गेलं. पडदा लागतो याला चालणं म्हणत असाल तर चालला. अभ्यासाचं अॅप उघडत नसेल तर पोराला त्याचा काय उपयोग?

राहिला नाइन-एच टेम्पर्ड ग्लास. गिऱ्हाइकांना वाटतं की नाइन-एच म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण. तसं नाही. तो आकडा पेन्सिलचा आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढतात, नऊ-एच पेन्सिलनेही ओरखडा उठला नाही की झालं नाइन-एच. आपल्याकडे वावटळीत उडणाऱ्या धुळीत वाळूचे कण असतात, क्वार्ट्झचे, आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. धूळ बसलेला पडदा शर्टाच्या बाहीने खसाखसा पुसला की नाइन-एच असो की आणखी काही, चरे पडणारच. आधी फुंकून धूळ उडवा, मग मऊ ओलसर फडक्याने हलकेच पुसा. ग्लास जरूर लावा, पडल्यावर तो आधी तडकतो आणि कधीकधी खालची काच वाचते. पण त्याने टॅब वाकायचा थांबत नाही, बॅटरी फुगायची थांबत नाही. मेसेजमधला "निश्चिंत व्हा" हा शब्दच चुकीचा आहे.

काका परवा पुन्हा आले होते. जाड टॅब तसाच पिशवीत. "मग आता कोणता घेऊ, भो?" म्हणाले. मी म्हटलं, कोणताही घ्या, पण पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विचारा की याचा फोल्डर, बॅटरी आणि चार्जिंग जॅक जळगावात मिळतो का, आणि सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं येणार. मग म्हटलं, भाच्याकडचा टॅब अजून चांगला असेल तर आधी त्यालाच विचारून बघा. काकांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.