‘गूळ खा, गोळ्या सोडा’वाला मेसेज परत फिरायलाय, म्हणून हे

लातूर-परभणीकडच्या बहुतेक ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. शुगर हा आजारच नाही, कंपन्यांनी नॉर्मलचा आकडा मुद्दाम खाली आणला, साखरेऐवजी गूळ बिनधास्त खा, ज्वारीची भाकरी कितीही चालते, गोळ्यांनी किडनी जाते, इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही, तर 21 दिवस कारल्या-जांभळाची पावडर घ्या आन् सगळं बंद करा. मी स्वतः शुगरवाला आहे, गोळी बी घेतो आन् रात्री इन्सुलिन बी, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आकड्याचं अर्धं खरं आहे. 1997 साली शुगरचा आजार धरायची उपाशीपोटीची मर्यादा 140 वरून 126 वर आली. पण का आली ते मेसेजमध्ये नाही. डोळ्याच्या पडद्याचं नुकसान 140 च्या खालीच सुरू होतंय असं दिसलं, म्हणून. आन् कंपन्यांचा डाव म्हणावं तर सगळ्यात आधी लिहून देतात ती मेटफॉर्मिन 1950 च्या दशकातली, लई स्वस्त गोळी.

गूळ. राव, गूळ पण उसाचाच ना? त्यातली बहुतेक साखरच असते, 100 ग्रॅमला 380 कॅलरीच्या आसपास, पांढऱ्या साखरेला 400. लोहबिह थोडं मिळतं, पण चहा गुळाचा का साखरेचा हे शुगर मोजायच्या मीटरला कळत नाही, दिवसातून चारदा प्यायलात तर शुगर वाढणारच.

ज्वारी चांगलीच, मी रोज खातो. धागे (फायबर) जास्त, पोट भरतं. पण 100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतंच, त्यामुळं ‘कितीही’ हा शब्द तेवढा खोडायचा. दोन भाकरी, वरण, पालेभाजी, काकडी ठीक. चार भाकऱ्या हाणून ‘ज्वारीच तर होती’ म्हणायचं नाही.

किडनी जाते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरनं आन् बीपीनं. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही, उलट किडनी आधीच फार कमजोर असली तर डॉक्टर तीच गोळी बंद करतात. लोकांनी बघितलं ‘किडनी गेली आन् गोळी बंद केली’, अर्थ उलटा काढला. खरं तर गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून कुणालाच न विचारता आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाणारे आपल्याकडं कितीतरी आहेत, त्या मात्र किडनीला बाधतात, आन् त्यांच्यावर असा मेसेज कधी येत नाही.

आता इन्सुलिन, माझा सगळ्यात जास्त राग इथंच आहे. इन्सुलिनची सवय लागत नाही, ते आपल्या शरीरातच बनतं, कमी पडलं की बाहेरून द्यायचं. ऑपरेशन, मोठं इन्फेक्शन, गरोदरपण अशा वेळी सुरू करून नंतर बंद झालेले कितीतरी पेशंट असतात. पण टाइप 1 वाल्या लेकराचं तसं नाही, त्याचं स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. 1922 च्या आधी अशा लेकरांना उपाशी ठेवून दिवस ढकलायचे, बाकी काही इलाज नव्हता. त्या वर्षी टोरांटोत 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं आन् तो पुढं 13 वर्षं जगला. तुमचा मेसेज वाचून कुण्या आईनं इंजेक्शन थांबवलं तर ते लेकरू दोन-चार दिवसांत आयसीयूत जाऊ शकतं, जिवावरही बेततं.

आपल्याकडं बोलायचंच असेल तर उन्हाळ्यावर बोला. मे महिन्यात 42-43 डिग्री, लाईट गेलेली, अशात बाटली खिडकीत ठेवली की इन्सुलिन खराब होतं, मग ‘इंजेक्शन घेऊन बी शुगर उतरत नाही’. न उघडलेली फ्रीजमध्ये, बर्फाच्या खणात नाही, गोठलेली फेकायची. फ्रीज नसलं तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून डबी माठात. उघडलेली साधारण 4 आठवडे.

कारलं, मेथी, जांभूळ खा की, भाजी म्हणून. त्यानं शुगर थोडीफार उतरतही असेल, पण गोळीची जागा घेण्याएवढी नाही. सुट्या पावडरींची भीती वेगळी, त्यात शुगरच्याच गोळ्या कुटून घातल्याचे प्रकार सापडलेत. मग तुमची ग्लिमेपिराइड (शुगर उतरवायची गोळी), वरून ती पावडर, वरून नवरात्राचा उपवास, आन् शुगर 70 च्या खाली. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी. अशा वेळी मात्र तीन चमचे साखर पाण्यात, लगेच, आन् 15 मिनिटांनी परत तपासायचं.

गोळ्या सुटतच नाहीत असंही नाही बरं का. ब्रिटनमध्ये 2017 ला आलेल्या एका अभ्यासात आजार होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या टाइप 2 च्या (मोठ्यांना होते ती नेहमीची शुगर) 46 टक्के लोकांची शुगर वर्षभरानं गोळीशिवाय आटोक्यात होती. पण ते वजन उतरवून, कित्येक आठवडे दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी घेऊन, डॉक्टर-नर्सच्या देखरेखीत, आन् त्यात गूळ नव्हता.