पिसवांची चवथ

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दोन दिवस आधी मुंबई-पुण्याची मंडळी गोव्यातल्या मूळ घरी उतरतात. मे महिन्यापासून बंद असलेलं दार गंजक्या कुलपाशी झटापट करून उघडतात. आणि सामान आत यायच्या आधीच अख्खं कुटुंब एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा घोटा खाजवायला लागतं. पहिला संशय डासांवर, दुसरा ढेकणांवर, तिसरा घराची किल्ली सांभाळणाऱ्या बिचाऱ्या शेजाऱ्यावर. पिसवांचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, कारण ‘आमच्याकडे जनावर नाहीच मुळी!’ जनावर नसतंच. माळ्यावर व्यालेली मांजरी पिल्लांना घेऊन कधीच निघून गेलेली असते. तिची मागे राहिलेली मंडळी तेवढी वाट बघत असतात.

तीही उपाशी. पिसवेच्या अंड्यातून अळी निघते, अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते आणि त्याला धूळ फासून घेते. शोधायला बसलात तर कोष समोर असून दिसणार नाही. आत तयार झालेली पिसू महिनेच्या महिने गप्प पडून राहू शकते. जमीन हादरली, ऊब लागली, कुणाचा उच्छ्वास पोचला, की ती बाहेर. म्हणजे बॅग टेकवून आपण जे ‘हुश्श’ करतो, ती त्यांच्या लेखी पानं वाढल्याची वर्दी.

आधी खात्री करून घ्यावी. ढेकूण रात्री अंथरुणात चावतो. पिसू दिवसाढवळ्या चावते, तीही बहुधा घोटा ते पोटरी एवढ्याच पट्ट्यात, कारण तिची उडी जेमतेम वीतभर. पांढरे मोजे पोटरीपर्यंत ओढून खोल्यांतून सावकाश फिरा. काळे ठिपके चढताना दिसतात. घरात कुत्रा-मांजर असेल तर बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. कणीभोवती तांबूस ओघळ उमटला तर ती माती नव्हे, पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. फणीत जिवंत पिसू सापडलीच तर चिमटीत चिरडायचा हट्ट धरू नका. तिचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं असतं, ती चिमटीतून सुटते आणि आपलीच बोटं दुखतात. शेजारी पाण्याचा वाडगा ठेवा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. नुसत्या पाण्यावर ती तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडते.

आता खरी मेख. अंगावर दिसतात त्या एकूण प्रजेच्या विसांत एक. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती गुळगुळीत असल्याने केसांत ठरत नाहीत आणि कुत्रा जिथे लोळेल तिथे सांडतात: सोप्याच्या कोपऱ्यात, आजोबांच्या आरामखुर्चीखाली, लाल कोब्याच्या चिरांत, लाकडी जिन्याच्या फटींत. अळीला अंधार आणि ओल लागते, कोरड्या हवेत ती सुकून मरते. आणि आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. म्हणून नुसत्या कुत्र्याला चोळून चोळून आंघोळ घालणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण आशा नाही.

काम दोन्हीकडे एकाच दिवशी काढावं लागतं. घरातल्या प्रत्येक जनावराला औषध, ‘बोका बाहेरच असतो’ ही सबब चालणार नाही. मानेवर टाकायचं फिप्रोनिल वजन बघून आणा. मानेमागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस दुभागून थेट कातडीवर टाका. केसांवर ओतलं तर केस चकाकतात, पिसवा खुशाल राहतात. आदल्या आणि नंतरच्या दोन दिवसांत आंघोळ नको. कुत्र्यांसाठी गोळ्याही मिळतात. अफोक्सोलानरची महिनाभर, फ्लुरालानरची बारा आठवडे पुरते. फार लहान पिल्लांना फक्त फणी आणि पशुवैद्याचा सल्ला. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबूच नका, पिसवा पिल्लाचं इतकं रक्त पितात की ते दगावतं.

आणि कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराला चुकूनही लावू नका. मांजराला ते पचवता येत नाही. थरथर, झटके, प्रसंगी मृत्यू. टी ट्री तेल ‘झाडाचंच तर आहे’ म्हणून चोळणाऱ्यांनाही हेच सांगणं. काजूवरच्या ढेकण्या नावाच्या किडीसाठी आणलेलं फवारणीचं औषध कुत्र्याच्या पाठीवर पातळ करून मारणारे महाभाग आहेत. त्यांच्या हातून काजू तरी वाचतात का, ही मला शंका आहे.

घराचं म्हणाल, तर कोषाला कुठलाही फवारा भेदत नाही. म्हणून मारायचं असेल तर आधी उठवायचं. विजार मोज्यांत खोचून एका माणसाने सगळ्या खोल्या दणादण फिरून घ्याव्यात, पलंगांखालून, भिंतीच्या कडेकडेने व्हॅक्यूम किंवा झाडू मारावा. कचरा पिशवीत गाठ मारून लगेच बाहेर. (या कामाला नवा जावई उत्तम, पण परंपरा त्याच्या बाजूची आहे.) मग घरात वापरायचा फवारा, शक्यतो मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेला, त्याने अंडी आणि अळ्या पुढे वाढत नाहीत. डब्यावर लिहिलंय तेवढंच प्रमाण. माशांची टाकी झाकून तिचा पंप बंद, जमीन सुकेपर्यंत पोरं-मांजरं बाहेर. चादरी, गोधड्या, कुत्र्याचं पोतं साठ अंशांच्या पाण्यात, दर आठवड्याला.

इतकं करूनही चार दिवसांनी पुन्हा पिसू दिसते आणि घरात ‘औषध बोगस’ असा ठराव पास होतो. ती कोषातून नव्याने निघालेली असते. कोष संपेपर्यंत दोन-तीन महिने हे चालायचंच. जनावराचं औषध तोवर एकदाही चुकवायचं नाही. मधल्या काळात कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसले तर जंताचं औषधही द्या. पिसू गिळली की पट्टकृमी फुकट येतो.

विसर्जन झालं, नेवऱ्या डब्यांत भरल्या, की घर पुन्हा बंद व्हायचं. कुलूप लावण्याआधी माळ्याच्या भोकाला जाळी मारून घ्या. पण त्याहीआधी टॉर्च मारून आत बघा. पिल्लं असतील तर त्यांना कोंडता येत नाही, आणि जाळीचं काम गेलं पुढच्या सुट्टीवर.