दोन पेरं खोल

पहिलं पान पडलं तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. पान म्हटल्यावर पडणारच. पण आमच्या शेफलेराची तऱ्हा वेगळी. एका देठाच्या टोकाला सात-आठ पर्णिका गोल पसरलेल्या असतात, म्हणून लोक त्याला अंब्रेला प्लांट म्हणतात. आमचं आजारी पडलं तेव्हा आधी पर्णिका एकेक करून गळाल्या आणि देठ तसाच ताठ उभा राहिला. कापड उडून गेल्यावरही कुणी छत्रीचा दांडा धरून इमानेइतबारे पावसात उभं राहावं, तसा. पंधरवड्यात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात असे अकरा दांडे झाले.

"तहानलंय बिचारं," आई म्हणाली आणि तांब्याभर पाणी घालून मोकळी झाली.

सकाळी बायको ऑफिसला निघताना उशाच्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्यात ओतायची. शाळेतून आलेला मुलगा वॉटरबॅग तिथेच रिकामी करायचा. आणि रात्री सगळे झोपल्यावर, या घरात झाडाची काळजी फक्त आपल्यालाच आहे अशा भावनेने, मी एक मोठा मग. कुणी कुणाला काही बोललो नव्हतो. गुप्तदान होतं ते.

पानं पिवळी पडू लागली तसा आमचा औदार्याचा पूर आणखी चढला. आता या झाडाची गंमत अशी, की पाणी जास्त झालं तरी पानं गळतात, कमी झालं तरी गळतात, अंधार वाटला, गार वारा लागला, जागा बदलली तरीही गळतात. तक्रारीचा छापील अर्ज एकच, आणि त्यात कारणाचा रकानाच नाही.

शेवटी वास आला. गटाराच्या झाकणाशी येतो तसा. बाहेरची चिनी मातीची कुंडी शोभेची, तिला भोक नव्हतं. आत प्लास्टिकची साधी कुंडी, आणि ती चार बोटं काळ्या पाण्यात उभी. झाड उपसून काढलं. मूळ निरोगी असेल तर पांढुरकं आणि टणक लागतं. मी हातात धरलं ते तपकिरी होतं. जरा ओढलं तर वरची साल ओला मोजा निघावा तशी सरसर निघून आली आणि चिमटीत नुसता दोरा उरला. मुलगा म्हणाला, "परत करून दाखवा ना."

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरत होतं. थोडक्यात, आईचं निदान अचूक होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग शस्त्रक्रिया. कात्री स्पिरिटने पुसली, कुजकं सगळं छाटलं. उरलेल्या मुळांचा झुपका मुठीएवढा. बायकोचा आग्रह, की दुखणाईताला ऐसपैस मोठी कुंडी द्यावी. पण मोठ्या कुंडीत माती जास्त, ती तितकीच उशिरा वाळते. म्हणून मूठभर मुळांना छोटीच, भोकांची कुंडी, आणि मातीत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि परलाइट म्हणजे हलके, सच्छिद्र पांढरे खडे. शोभेच्या कुंडीत आता खऱ्या छत्र्या ठेवतो.

या धावपळीत वाचनात आलं, की वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२० साली आशियातल्या शेफलेरांना त्या प्रजातीतून उचलून हेप्टाप्ल्युरम या प्रजातीत नेऊन बसवलंय. रोगी खाटेवर, आणि आम्हाला कळतंय की केसपेपरवर नावच चुकीचं पडलंय. आम्ही शेफलेराच म्हणतो. या वयात त्याला नव्या नावाने हाक मारून आणखी धक्का कशाला द्यायचा?

खरा छळ पुढे सुरू झाला, कारण आता काहीच करायचं नव्हतं. खिडकीजवळ ठेवायचं, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही, आणि तर्जनी मातीत दोन पेरं खुपसून पाहायची. आत ओल लागली तर पाणी नाही. ओल लागायचीच. दहा दिवस लागत होती. आई तांब्या घेऊन यायची, कुंडीसमोर उभी राहायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मी दाराशी आलेल्याला पाण्याविना परत पाठवतोय. मी खोडाची साल नखाने किंचित खरवडून तिला आतला हिरवा रंग दाखवायचो. तिचं समाधान व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवावं लागायचं. खोडावर इतके ओरखडे झाले, की कैद्याने भिंतीवर दिवस मोजले असावेत.

सहाव्या आठवड्यात एका दांड्याच्या बुडाशी हिरवा ठिपका दिसला. आठवडाभरात त्यातून चकचकीत, मऊ, मिटलेली छत्री बाहेर आली. पाच पर्णिका, एकमेकींना चिकटून खाली माना घातलेल्या. चौघंही जमिनीवर बसून बघत होतो. पाण्याचं भांडं कुणाच्याच हातात नव्हतं. मी तिघांचे हात तपासले होते.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आकड्यावर बोट ठेवून बोलत होतो, तर सगळ्यांची नजर आकड्यावर नव्हे, बोटावर. नखात काळी माती. मी हात पटकन टेबलाखाली घेतला. मीटिंग संपल्यावर हिशेब विभागातले एक अत्यंत अबोल गृहस्थ माझ्याजवळ थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आपली तर्जनी पुढे केली. तिच्याही नखात माती.

"मनी प्लांट," ते म्हणाले. "आमच्याकडे सासूबाई घालतात."