पाडव्यानंतर बघू

गोव्यात वसंत येतो यावर माझा विश्वास आहे, कारण पंचांगात तसे छापलेले असते. अंगाला मात्र तो कळत नाही. जानेवारीत पहाटे जेमतेम एक पातळ चादर लागते, फेब्रुवारीत ती पायाशी जाते आणि मार्चमध्ये पंख्यालाही घाम फुटतो. आंब्याला मोहोर येतो, काजू फुलतात, कोकीळ पहाटे साडेतीनला ओरडायला लागतो. कवींनी त्याचे फार कौतुक केले आहे. ते बहुधा उशिरा उठत असावेत.

वसंत आला हे मला दोन खुणांवरून कळते. घरी आई लांब काठीला झाडू बांधते आणि ऑफिसात साहेब ‘फ्रेश स्टार्ट’ म्हणतात. या दोघांची एकमेकांशी ओळख नाही, पण दोघांनाही नव्याने सुरुवात करायची हुक्की एकाच आठवड्यात येते. साहेब बदलतात, त्यांचा शब्द बदलत नाही. आई बदलत नाही आणि तिची काठीही.

आमचे घर फोंडा तालुक्यात, देवळांच्या गर्दीत. चिऱ्याच्या भिंती, मधे राजांगण, वर मंगळुरी कौले. पुण्या-मुंबईचे पाहुणे डिसेंबरात येतात, राजांगणात उभे राहून वर बघतात आणि “तुम्ही किती नशीबवान!” म्हणतात. त्यांना जुलैत बोलवावे असे मला नेहमी वाटते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला. मग इतरांनीही काढले, आणि एकाचे कौल दुसऱ्याच्या खाचेत बसता कामा नये याची सगळ्यांनी काळजी घेतली असावी असा मला दाट संशय आहे. आमच्या छपरावर निदान तीन कारखान्यांची कौले आहेत आणि त्यांचे आपसात बोलणे नाही. पाऊस नेमका त्यांच्या अबोल्यातून आत येतो.

म्हणून पावसाआधी नळे परतावे लागतात. म्हणजे एकेक कौल उचलायचे, खालचा पाचोळा काढायचा, तडकलेले बदलायचे, बाकीचे पुन्हा नीट बसवायचे. काम दोन दिवसांचे. ते करणारा मेस्त आमच्याच वाड्यावरचा. त्याचा हात चांगला, मजुरी रास्त, स्वभाव गोड. अडचण एवढीच की तो कधीही नाही म्हणत नाही.

फेब्रुवारीत मी त्याला फोन केला तेव्हा तो डोंगरावर होता. काजूचे बोंडू झाडावरून तोडायचे नसतात, पिकून आपोआप पडलेलेच उचलायचे असतात. तेव्हा माणसाला झाड सोडून हलता येत नाही, आज किती पडतील ते झाडाच्या मर्जीवर. मग ते कोळंबी नावाच्या कुंडीत तुडवायचे, रस काढायचा, भाटी लावायची. पहिल्या धारेची हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. या फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळाले तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती. पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून आणले ते सोळाव्या शतकात. आणताना माझ्या कौलांचा विचार केलेला दिसत नाही.

“कधी येतोस रे?” मी विचारले.

“शिगमो जांवदी मरे, मागीर येतां,” मेस्त म्हणाला. मागून कुणीतरी ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

शिगमो म्हणजे आमचा होळीचा उत्सव. आता तो ‘जांवदी’, म्हणजे होऊ दे, म्हणायला सोपे आहे. शिगमो असा एका दिवसात जात नाही. आधी गावचा मांड, म्हणजे सगळे जमतात ती जागा, तिथले नमन, मग घरोघर फिरणारा मेळ. आमच्याही दारात तो मेळ आला, मेस्त त्यात ढोल वाजवत होता, आईने तळीत नारळ-तांदूळ घातले आणि नळ्यांचा विषय काढला. पण ढोलापुढे आईचा आवाज पोचला नाही, यावरून ढोल किती मोठा असेल ते समजून घ्यावे. गावचा शिगमो आटोपला की शहरातल्या मिरवणुका सुरू होतात. आज फोंडा, मग पणजी, म्हापसा, मडगाव. प्रत्येक शहराची संध्याकाळ वेगळी, आणि आमच्या वाड्याच्या रोमटामेळाला बक्षीस सगळीकडचे हवे असते. रात्रभर नाचून आलेला माणूस दिवसा छपरावर चढवावा, असे मलाही वाटत नाही. होळी ते पाडवा हा पंधरवडा असा जातो, आणि बरोबर त्याच पंधरवड्यात आईला घर चकचकीत हवे असते.

पणजीत एका संध्याकाळी माझी बस मिरवणुकीमुळे अडकली. गाडी हलेना, चालकाने इंजिन बंद केले आणि तोही खिडकीतून बघू लागला. “ओस्सय! ओस्सय!” करत एक मेळ जवळ आला आणि पुढे फेटा बांधून आमचाच मेस्त! मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो.

“मेस्त! नळे!”

त्याने मला ओळखले, मनापासून हसला, दोन टिपऱ्यांच्या मधल्या जागेत “पाडव्या उपरांत!” एवढे बसवले आणि ताल न चुकवता पुढे गेला. शेजारच्या बाईंनी मला विचारले, “तुमच्या ओळखीचे? किती छान वाजवतात!” वाजवतो छान, यात शंका नाही.

पाडेलीचे तर विचारूच नका. माडावर चढणारा माणूस आता मिळणे म्हणजे योगच. आमचे नारळ हल्ली आपणहून पडतात आणि परसात जाताना आम्ही सगळे मान वर करून चालतो. रंगाऱ्याला मे महिन्यातल्या लग्नघरांनी आधीच धरून ठेवले होते.

माणसे मिळेनात तेव्हा आईने जे माणसाशिवाय होईल ते काम काढले, म्हणजे माळा. माळा म्हणजे माणूस सोडून बाकी सगळे. तिथे चतुर्थीला गणपतीवर फळे-फुले टांगायच्या माटोळीची चौकट असते, तांब्याची भांडी असतात, मुलांच्या तीनचाकी सायकली असतात, आणि एक लोखंडी ट्रंक असते जी आजोबांची होती. ती ट्रंक खाली आणली, राजांगणात उघडली, आणि सौ. म्हणाली, “अहो, हे सगळे कागद एकदाचे जाळून टाकूया ना.”

कागद पोर्तुगीजमध्ये होते. आमच्या घरात पोर्तुगीज कुणालाच येत नाही, आणि तीच खरी पंचाईत. मराठी कागद वाचून फेकता येतो. न कळणारा कागद कसा फेकणार? त्यात शिक्का होता, सही होती, वळणदार अक्षर होते. एखाद्या भाटाची, म्हणजे माडाच्या बागेची, एखाद्या शेताची कागदपत्रे असली तर? गोव्यातल्या प्रत्येक घरात एक तरी जमीन अशी असते की जी आपली आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या सात-बाराच्या, उताऱ्याला ठाऊक नसते. आईच्या डोळ्यांत ती जमीन मला स्पष्ट दिसली. बहुतेक तिच्यात माडही होते.

शेवटी बापूकाकांना बोलावले. बापूकाका पोर्तुगीज अमदानीत लिसेवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चहा घेतला, चष्मा पुसला, एक कागद उजेडात धरला आणि बराच वेळ नुसते ‘हं, हं’ करत राहिले. आम्ही सगळे भोवती उभे. मुलगासुद्धा मोबाइल खाली ठेवून आला.

“किती साल आहे?” आईने हळूच विचारले.

“एकोणसाठ. किंमत एस्कुदांत लिहिली आहे.”

एस्कुद म्हटल्यावर आईने पदर सावरला. हे चलन गोव्यात १९५८ मध्ये आले आणि १९६१च्या डिसेंबरात पोर्तुगीजांबरोबर त्याचीही सद्दी संपली. एवढ्या थोड्या काळातला व्यवहार म्हणजे काहीतरी महत्त्वाचे असणार!

“शिवणयंत्राची पावती आहे,” बापूकाका म्हणाले. “पैसे पूर्ण भरलेत. बाकी काही नाही.”

पुढचा कागद त्याच यंत्राच्या पेटीचा निघाला. त्याच्या पुढचा, यंत्राला तेल कसे घालावे याचा. सौ.ने काडेपेटी हातात घेतली.

“थांबा, थांबा,” बापूकाका म्हणाले. “यंत्र आहे का अजून?”

यंत्र होते. माळ्यावरच होते, सुतळीने बांधलेले.

“मग पावती ठेवा. कधी बिघडलेच तर?”

ट्रंक बंद झाली. सौ.ने त्या रात्री जेवताना विचारले, “अहो, ही ट्रंक तुमच्या ऑफिसच्या रेकॉर्डरूममध्ये नाही का हो बसणार?” तिला आमची रेकॉर्डरूम माहीत नाही.

एक एप्रिल ते एकतीस मार्च हे आर्थिक वर्ष इंग्रजांनी हिंदुस्थानात १८६७ मध्ये सुरू केले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, त्यामुळे माझ्या पणजोबांना मार्च एंडिंग कसले ते माहीत नव्हते. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, आणि तीन महिने होतात न होतात तोच मार्च उजाडला. स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही येते असे म्हणतात, पण ती इतक्या लवकर?

आमचे नवे साहेब कुठलेसे प्रशिक्षण करून आले होते. “एकतीस मार्चला टेबलावर एकही कागद दिसता कामा नये,” त्यांनी सांगितले. आम्ही दिसू दिले नाहीत. टेबलावरचे कागद टेबलाखाली गेले, खालचे कपाटात, कपाटातले कपाटावर, आणि कपाटावरची लाल फडक्यातली दप्तरे रेकॉर्डरूमच्या दारापर्यंत गेली. आत जाता येत नव्हते, कारण दारात खुर्च्या होत्या.

त्या खुर्च्यांचे असे झाले. ग्रँट उरली होती, ती लॅप्स होऊ द्यायची नव्हती, म्हणून तीन कोटेशने मागवून नव्या खुर्च्या घेतल्या. त्या महिन्याच्या अगदी शेवटी टेम्पोतून आल्या. पण जुन्या खुर्च्या डेड स्टॉक रजिस्टरला चढलेल्या. त्या मोडल्या हे आम्हा सगळ्यांना पाठीच्या दुखण्यावरून कळले होते, पण त्या मोडल्या असे कमिटीने म्हणेपर्यंत त्या मोडलेल्या नसतात. कमिटीतल्या एकाची बदली झालेली, एकाच्या घरी शिगम्याचा मांड, आणि तिसरा मी. एकट्याच्या सहीने खुर्ची मरत नाही. म्हणून जुन्यांवर नव्या रचल्या, वर प्लॅस्टिक तसेच ठेवले, आणि आम्ही उभ्याने बिले तपासू लागलो. एक देवनागरी टंकलेखन यंत्रही निघाले. त्याचा ‘क्ष’ उडालेला होता, पण रजिस्टरात ते ‘चालू स्थितीत’ होते, आणि लेखी पुराव्यापुढे माझ्या बोटांना कोण विचारतो?

एकतीस तारखेला साहेबांनी रिकाम्या टेबलांचे फोटो काढले. फोटो फार चांगले आले. माणसे नव्हती त्यात.

मधे कधीतरी पाडवा होऊन गेला. कडुनिंब-गूळ खाल्ला, देवळात पंचांग वाचले. यंदा पाऊस समाधानकारक, असे भटजींनी सांगितले तेव्हा मंडळी खूश झाली. आईने माझ्याकडे बघितले आणि मी छपराकडे. एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारले, “इथली टेबले इतकी रिकामी कशी? इथे काम होते की नाही?” मग टेबलाखालचे सगळे वर आले आणि बरेच महिने हरवलेली एक फाइलही सापडली, हे मात्र मान्य केले पाहिजे.

मेस्त आला तो मेमध्ये, एका सकाळी, न कळवता. त्या दिवशी राजांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आईने भिंडांची, म्हणजे कोकमांची, सोले वाळत घातली होती, शेजारी मिरच्या, त्यांच्या पलीकडे पापड, आणि ऊन लागावे म्हणून उघडून ठेवलेली ती ट्रंक. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी. आकाशात एक काळसर ढग बघून मेस्त म्हणाला, “आयजच करूंक जाय,” जणू इतके दिवस उशीर आम्हीच करत होतो. मग सोले उचलली, मिरच्या उचलल्या, सगळे शिंकलो, ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवली. माळा आता पूर्वीपेक्षा जास्त भरला होता, कारण साफसफाईसाठी विकत घेतलेले सामानही तिथेच गेले.

दोन दिवस मेस्त छपरावर ढोलाच्या तालात कौले ठोकत होता. काम उत्तम केले. उतरताना तडकलेल्या कौलांची एक चळत त्याने वसरीवर नीट रचली.

“ही टाकून दे ना रे,” मी म्हणालो.

“पोरने नळे उडयनाकात, बाब. आतां हे मेळनात.”

“पण फुटलेत!”

“अर्दे बरे आसात,” तो म्हणाला, आणि आईने मान डोलावली. ती चळतही माळ्यावर गेली.

आईने त्याला पैसे दिले, वर एक नारळ दिला, आपणहून पडलेला, आणि बजावले, “पुढच्या वर्षी असे करायचे नाही हां. होळीच्या आधी यायचे.”

मेस्तने नारळ कानापाशी हलवून बघितला.

“होळी आदीं कशें, आजी? तेन्ना काजू आसतात.”